साडी उन्हाळ्यात गार, गोधडीत गरम

डिसेंबर लागला की नाशिकच्या द्वारका चौकातून काठे गल्लीकडे चालत जाताना वर बघावं. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर गोधड्या उन्हात टाकलेल्या असतात. एखादीत फुलाफुलांची वायलची साडी ओळखू येते, एखादीत चौकटीची लुंगी, तर कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. यांतल्या कित्येक गोधड्या विकतच्या नसतात. घरातल्या कुणीतरी दुपारची कामं उरकून, फरशीवर पाय पसरून, हौसेनं शिवलेल्या असतात. पूर्वी ही गरज होती. आता ब्लँकेट कुठंही मिळतं, तरी शिवणं थांबलेलं नाही.

या गोधड्यांत एक कोडं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात अंगाला गार लागावं म्हणून आपण सुती साडी नेसतो. तीच साडी जुनी झाल्यावर गोधडीत जाते आणि जानेवारीत ऊब देते. कापड तेच, सूत तेच. मग उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम, हे एकाच कापडाला जमतं कसं?

ऊब गोधडीची नसतेच

गोधडी स्वतः अजिबात गरम नसते. कपाटात घडी घालून ठेवलेल्या गोधडीत तापमापक खुपसला, तर तो खोलीचंच तापमान दाखवेल. उष्णता तयार करतं ते आपलं शरीर. शांत झोपलेलं मोठं माणूससुद्धा साधारण सत्तर ते ऐंशी वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. आपल्याला थंडी वाजते ती उष्णता कमी तयार होते म्हणून नव्हे, तर ती फार लवकर निघून जाते म्हणून. गोधडीचं काम एवढंच, की हे जाणं संथ करायचं. बर्फवाला लादीवर गोणपाट टाकतो तेव्हाही हेच घडतं. गोणपाट बर्फाला गार करत नाही, बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतं.

नाशिकमध्ये हे काम मोठं आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, समुद्रापासून दूर. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते. तिला अडवायला ना ढग असतात, ना हवेत पुरेशी वाफ. म्हणून दुपारी सदऱ्यावर फिरणारा माणूस पहाटे कुडकुडतो. निफाडकडे तर पारा आणखी उतरतो. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात बातमी होतो, आणि द्राक्षबागायतदार वेलींना थंडी बाधू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

थांबलेली हवा

आता कोड्याच्या गाभ्याकडे येऊ. उष्णता अडवायला हवेसारखी स्वस्त वस्तू नाही. पाण्यातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या जवळजवळ चोविसाव्या हिश्शानेच ती स्थिर हवेतून जाते. अट एकच, हवा स्थिर हवी. अंगाजवळची हवा गरम होते, हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, तीही गरम होऊन निघून जाते. हवा अशी वाहत राहिली की उष्णता अंगावरून उचलून नेली जाते.

द्वारकेला राहणाऱ्याला हे समजावायला पुस्तक नको. वरून उड्डाणपुलावर मुंबई-आग्रा महामार्गाची वाहनं सुसाट निघून जातात. खाली, पुणे रस्ता आणि शहरातले रस्ते एकत्र येतात त्या चौकात, तीच वाहनं इंचाइंचानं सरकतात. उघड्या अंगावरची हवा म्हणजे पुलावरची वाहतूक, तर गोधडीच्या थरांत अडकलेली हवा म्हणजे संध्याकाळी सातचा खालचा चौक. उष्णता घेऊन निघालेली हवा तिथं पुढं सरकूच शकत नाही. तिला पुढच्या थरातल्या हवेकडे धक्का देत देत उष्णता सोपवावी लागते, आणि त्यात वेळ जातो. चौकातली कोंडी जिवावर येते. गोधडीत मात्र तीच हवी असते.

साडी नेसलेली असते तेव्हा तिचा एखाद-दुसरा थर अंगावर असतो, तोही सैल. खालून-वरून वारा फिरतो, सूत घाम शोषतं, तो घाम वाऱ्यानं सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून गार वाटतं. गोधडीत त्याच साडीचे सहा-आठ थर एकमेकांवर बसतात. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा कोंडला जातो. पापुद्रा इतका पातळ की हवेला वर-खाली फिरायला जागाच उरत नाही. कापड बदललं नाही, हवेची मोकळीक गेली.

ढोबळ गणित करून पाहा. सेंटिमीटरभर जाडीचा, हवा धरून ठेवणारा सुती थर आहे, अंगाचं आणि खोलीचं तापमान यांत वीस अंशांचा फरक आहे आणि दीड चौरस मीटर अंग झाकलेलं आहे. त्यातून बाहेर जाणारी उष्णता ऐंशी वॉटच्या आसपास येते. म्हणजे झोपलेलं शरीर जेवढी तयार करतं, जवळपास तेवढीच. आवक आणि जावक जुळली की माणूस न कुडकुडता, न घामेजता झोपतो. किती थर घालायचे हे ठरवताना आजीनं हे गणित कागदावर मांडलं नव्हतं. उत्तर मात्र तिला ठाऊक होतं.

धावदोरा काय करतो

नुसत्या आठ साड्या एकावर एक घेऊन झोपलं तर? पहिल्या तासाला ऊब मिळेल. कूस बदलली की थर सरकतील, एक पायाशी गोळा होईल, दुसरा खाली घसरेल. म्हणून टाका. गोधडीचा टाका म्हणजे शिवणकामातला सगळ्यात साधा, धावदोरा. सुई खाली, सुई वर, पुन्हा खाली. लहान मुलाला पहिल्यांदा सुई हातात दिली की हाच टाका शिकवतात. जपानमधलं साशिको, बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सगळीकडे जुनी कापडं जोडायला हाच टाका वापरला गेला. हे काही योगायोगानं झालेलं नाही.

धावदोरा गाठीवर अवलंबून नसतो. पोत्याचं तोंड शिवलेला दोरा नीट टोक सापडलं तर एका ओढीत सरसर निघतो, कारण तो साखळीचा टाका असतो. तिथं प्रत्येक फास पुढच्या फासाच्या भरवशावर उभा असतो. धावदोऱ्यात दोरा आठ-दहा थरांतून वर-खाली जातो आणि प्रत्येक ठिकाणी कापड त्याला घट्ट धरून ठेवतं. मधेच दोरा तुटला तरी दोन्हीकडचे टाके आपापल्या जागी राहतात. वर्षानुवर्षं तुडवली जाणारी, बादलीत आपटून धुतली जाणारी वस्तू याच टाक्यानं टिकते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शिवताना दोरा किंचित ओढला जातो आणि कापडाला बारीक चुण्या पडतात. जिथं टाका बसतो तिथं थर दाबले जातात, दोन ओळींच्या मध्ये ते फुगून राहतात. हा फुगवटा म्हणजे जास्तीची हवा. नवा सुती दोरा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, पण जुनी साडी आटायची तेवढी आधीच आटलेली असते, त्यामुळे चुण्या आणखी उठून दिसतात. नवी गोधडी एकदा धुतल्यावर जास्त उबदार लागते, त्यात याचा वाटा आहे. हौशी माणसं या चुण्यांना भिऊन दोरा इस्त्री केल्यासारखा सपाट बसवू पाहतात. तसं करू नये.

म्हणून ओळींमधलं अंतर हा गोधडीचा सगळ्यात मोठा निर्णय. अंतर वीतभर ठेवलं तर दोन धुण्यांत आतले तुकडे गोळा होतात. ओळी अगदी चिकटवून घातल्या तर फुगायला जागा राहत नाही, गोधडी कडक होते आणि जड वाटते. पांघरायच्या गोधडीला एका बोटाचं अंतर बरं. अंथरायची असेल तर आणखी दाट चालतं, कारण अंगाच्या भारानं तिच्यातली हवा तशीही दाबली जाणार असते. तिथं फरशीचा गारवा अडवायला थरांची संख्याच कामी येते. शहाबादी असो की टाइल, फरशीतून उष्णता स्थिर हवेच्या कितीतरी पट वेगानं निसटते. वर जाड रजई आणि खाली पातळ चादर घेऊन फरशीवर झोपणाऱ्याला पाठीतून थंडी का वाजते, त्याचं उत्तर हेच.

मशीनवर गोधडी तासाभरात होते, आणि कुणी तशी करत असेल तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या अशा दोन दोऱ्यांनी थरांना आवळतो. त्या रेषेवर कापड पूर्ण दबतं. मशीनवर शिवायचं असेल तर दोऱ्याचा ताण सैल करावा, टाका लांब ठेवावा आणि ओळी हातशिलाईपेक्षा दूर घ्याव्यात.

एका लुगड्याचा हिशेब

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबीचं कापड, रुंदी सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी. लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि एका माणसापुरता रुंद असा चौपदरी तुकडा तयार होतो. पूर्ण उंचीचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जावा इतका. दोन लुगडी एकावर एक ठेवली की आठ थर झाले, कुठंही कात्री न लावता. लुगड्याचं माप आणि माणसाचं माप असं जुळतं, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या गोधडीचा पाया लुगडंच राहिलं. पाचवारीत ही सोय थोडी कमी पडते. मग आत चादरीचे, धोतराचे, सदऱ्याचे तुकडे पसरावे लागतात.

आता टाके मोजू. दोन सेंटिमीटर अंतरानं उभ्या ओळी घातल्या तर सत्तावन्न-अठ्ठावन्न ओळी होतात, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका माणसाच्या गोधडीत अकरा-बारा हजार टाके. अंतर निम्मं केलं की ते दुप्पट. हातची गोधडी पाहून कुणी "एवढे पैसे?" म्हणालं, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

काठाकडून की मधून?

गोधडीला आधी कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घेतात, कारण प्रत्येक टाक्यासरशी सुई वरचं कापड किंचित पुढं ढकलते. एका टाक्याचं ढकलणं दिसतही नाही. शंभर टाक्यांनंतर मात्र वरच्या थरात बोटभर फुगा जमतो, आणि शेवटच्या ओळीशी तो कुठं घालायचा हा प्रश्न पडतो. सरळ ओळींची गोधडी मधून सुरू करून दोन्हीकडे शिवत नेली तर हे जास्तीचं सैल कापड काठाबाहेर निघून जातं. चौकोनात चौकोन अशी, काठाकडून आत जाणारी गोधडी शिवणाऱ्यांना तो फुगा मध्यावर भेटतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांनी यावर सुंदर उपाय काढला आहे. आफ्रिकी वंशाचा हा समाज, यातले पुष्कळ जण गोव्यातून तिकडे गेलेले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या वरचा थर आधी जोडून ठेवत नाहीत. काठापासून टाके घालत आत यायचं आणि वाटेत एकेक तुकडा कडा दुमडून मांडत जायचं. कापड पुढं सरकलं तरी पुढचा तुकडा अजून मांडलेलाच नसतो, त्यामुळे फुगा धरायला जागा मिळत नाही. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावतात, त्यांच्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत. पहिल्यांदाच गोधडी करणाऱ्यानं कवंदीची रीत धरावी, असं मी सुचवेन. मोठं टाचणं वाचतं आणि चुकलेला तुकडा तिथल्या तिथं बदलता येतो.

जुनंच कापड का

नव्या कापडात खळ असते. धाग्यांचे तंतू एकमेकांना चिकटून, आखडून बसलेले असतात. शेकडो धुण्यांत खळ निघून जाते, तंतू सुटे होतात, धाग्यावर बारीक लव उठते. या लवेतही हवा अडकते. शिवाय मऊ पडलेलं कापड अंगाच्या वळणानुसार बसतं. हे दुसरं कारण मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं, कारण गोधडीतली ऊब नुसती कापडातून जात नाही, फटीतूनही जाते. खांद्याशी, मानेशी, पायाशी पांघरूण ताठ उभं राहिलं की प्रत्येक हालचालीबरोबर आतली गरम हवा बाहेर फेकली जाते आणि गार हवा आत ओढली जाते. लोळागोळा होणारी जुनी सुती गोधडी या फटी आपोआप बुजवते.

विरलेलं कापड फाटणार नाही का? एकटं असतं तर फाटलं असतं. गोधडीत ओढ एका थरावर येत नाही, टाक्यांच्या जाळ्यातून सगळ्या थरांत वाटली जाते. तरी उजेडासमोर धरून ज्या जागी आरपार दिसतं, तेवढा भाग कापून टाकावा.

अडचण आहे ती आजच्या कपाटांची. घरातल्या बहुसंख्य साड्या आता कृत्रिम धाग्याच्या असतात. सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा हवेतून शोषून घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. झोपेत अंगातून निघणारी वाफ सुती गोधडी मुरवून घेते, पॉलिएस्टरमध्ये ती अंगाशीच राहते आणि पहाटे चिकचिक होते. शिवाय कापड निसरडं, थर सरकतात, टाका धरत नाही. आईची आठवण म्हणून एखादी पॉलिएस्टरची साडी घालायचीच असेल तर ती वरच्या बाजूला, सजावटीला घालावी. अंगाकडचा थर आणि पोट सुतीच ठेवावं.

सूत ओलावा पितं, म्हणूनच गोधडी उन्हात टाकायची. तिच्यात मुरलेलं पाणी हवेची जागा अडवून बसतं, आणि पाण्यातून उष्णता किती सहज निसटते ते वर आलंच आहे. दमट गोधडी जड लागते आणि गारही.

> गोधडी शिवायला घेताना
>
> सगळी कापडं आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर नंतर एखादाच थर आटतो.
>
> आठ सुती थर पुरतात. बारापेक्षा जास्त थरांतून हाताची सुई जात नाही.
>
> जाड सुई, लांब नेढं, सुती दोरा. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला तर गुंततो.
>
> ओळींत एका बोटाचं अंतर. दोरा ओढायचा तो चुणी पडेल इतकाच.
>
> बाळाच्या दुपट्याला दोन-तीन थर बस्स. सुटा दोरा लोंबता ठेवू नये, तो बाळाच्या बोटाला आवळून बसतो. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत जड गोधडी घालू नये.

दाखवायची ती उलटी करून

घरी केलेली वस्तू चार लोकांना दाखवायची आपल्याकडे जुनी हौस आहे. लग्नात रुखवत मांडतात ते त्यासाठीच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदी-कुंकवाला ज्या घरी जावं तिथं एखादं विणलेलं तोरण, मण्यांचं काहीतरी, भरतकाम पुढं येतं. रुखवताची वस्तू मात्र समोरून बघायची असते. गोधडी तशी बघून काहीच शिकता येत नाही.

काठे गल्लीतल्या अशाच एका हळदी-कुंकवाला एका काकूंनी नुकतीच पूर्ण केलेली गोधडी दिवाणावर पसरली. रंगांची वाहवा झाली. तिथं बसलेल्या एका वयस्क बाईंनी काही न बोलता कोपरा उचलला आणि गोधडी पालथी केली. उलट्या बाजूला अस्तराच्या पांढऱ्या धोतरावर टाके स्वच्छ दिसत होते. सुरुवातीचे लांब, मधले सारखे, आणि एका जागी अचानक वाकडी गेलेली ओळ.

"मावशी, एवढं सारखं अंतर तुमच्या हाताला कसं येतं हो?" काकूंनी विचारलं.

"अंगठ्याचं पेर सुईच्या पुढं ठेवायचं. डोळ्यानं मापायला गेलीस की वाकडं जातं."

पुढचा अर्धा तास तिळगूळ बाजूला राहिला. कुणी पेर लावून बघितलं, कुणी विचारलं आत काय घातलं, कुणी कोपरा चिमटीत धरून थर मोजले. वाकड्या ओळीचं कारणही निघालं. तिथं आत चादरीची शिवण आली होती आणि सुई अडली होती. शिवणी आधी उसवून टाकायच्या, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना एका वाकड्या ओळीनं शिकवलं.

हातातल्या कामाची माहिती अशी पालथ्या बाजूला साठलेली असते. किती थर, कोणतं कापड, किती अंतर, सुई कुठं अडली, दोरा कुठं संपून नवा जोडला, सगळं तिथं वाचता येतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. तो मान त्यांना मिळाला याचा आनंदच आहे. पण भिंतीवर टांगलेली गोधडी पालथी करता येत नाही.

म्हणून हौसेनं गोधडी करणाऱ्यांना एक विनंती. दाखवताना, फोटो काढून मैत्रिणींना पाठवताना, मागच्या बाजूचाही एक फोटो घाला, पेर किंवा पट्टी शेजारी ठेवून. सोबत दोन ओळी लिहा: थर किती, पोटात काय, अंतर किती, शिवून झाल्यावर लांबी किती आटली. आणि एका कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूनं, साल टाक्यांनी घालून ठेवा. काही वर्षांनी वरचा थर विरेल, मग कुणीतरी त्यावर नवी साडी पसरून पुन्हा टाके घालेल, आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात जाईल. तेव्हा ती उसवणाऱ्याला कळेल की यातला कोणता थर कितव्या वर्षाचा.